एक गाव की ५२ केंद्रं?

चरबी आणि रक्तदाब यांचं नातं शोधायचं कसं? एकाच गावाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून, की अनेक देशांतल्या केंद्रांत मोजणी करून? अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ जणांची पुन्हा पुन्हा तपासणी झाली. पुढे मुलं आणि नातवंडंही अभ्यासात आली. आधी वजन वाढलं की आधी रक्तदाब, हे अशा चिकाटीच्या पाठपुराव्यातूनच कळतं. नंतर सीटी स्कॅनमुळे दिसलं, की कातडीखालच्या चरबीपेक्षा पोटाच्या आतली चरबी जास्त घातक. मात्र मूळ गटातली माणसं जवळपास सगळी गोरी, त्यामुळे निष्कर्ष सगळ्यांना लागू होतीलच असं नाही.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या मीठ आणि रक्तदाबावरच्या अभ्यासात ३२ देशांतली ५२ केंद्रं होती, नवी दिल्ली आणि लडाखसुद्धा. रक्तदाब मोजण्याची पद्धत सगळीकडे एकच, आणि २४ तासांच्या लघवीचे नमुने बेल्जियममधल्या एकाच प्रयोगशाळेत. ही शिस्त मला फार मोलाची वाटते; तिच्याशिवाय आकडे एकत्र करण्यात अर्थच नाही. मुख्य विषय मीठ, तरी बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती, याच्या आकड्याचा) रक्तदाबाशी संबंध ठळकपणे दिसला. पण मोजणी एकदाच्या पाहणीतली, आणि चरबी शरीरात कुठे आहे हे बीएमआय सांगत नाही.

आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यांच्या अंगातही चरबी जास्त असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधनाने दाखवलंय. म्हणून माझा कौल अनेक केंद्रांना, पण कंबरेच्या मापासह आणि वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यासह.