कॉल ऑफ क्थुलू स्टार्टर सेट : नवख्या कीपरसाठी उत्तम सुरुवात

भयकथेचा टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र वठवत रंगवायची गोष्ट, पहिल्यांदा चालवू पाहणाऱ्याने सुरुवात कुठून करावी, असे नाशिकमध्ये मला कोणी विचारले, तर मी केऑसियम या प्रकाशकाच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’चा स्टार्टर सेट सुचवतो. सँडी पीटरसन यांनी रचलेला हा खेळ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला; कथा सांगत तो चालवणाऱ्याला कीपर म्हणतात. हा संच त्याच्या सातव्या आवृत्तीच्या नियमांवर बेतलेला आहे. पुस्तिकांचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. आधी एकट्याने वाचत खेळायची कथा, मग नियम, मग कीपरने चालवायच्या कथा, आणि त्यांतलीही पहिली एकाच खेळाडूला घेऊन खेळता येते, त्यामुळे नवख्या कीपरला चार-पाच जणांना एकदम सांभाळावे लागत नाही. फासे आणि तयार पात्रे खोक्यातच मिळतात.

नियम शंभराच्या हिशेबावर चालतात. एखादे कौशल्य ६० असेल, तर ६० किंवा त्याखाली फासे पडले की काम झाले. अवघड कामाला ३०, अतिअवघड कामाला १२ ही मर्यादा असते. खरी भीती मात्र सॅनिटीच्या, म्हणजे पात्राच्या मानसिक संतुलनाच्या, आकड्यात दडलेली आहे. एका झटक्यात पाच किंवा अधिक सॅनिटी गेली की बुद्धीसाठी फासे टाकायचे असतात, आणि त्यात जो यशस्वी होतो त्याचेच भान सुटते, कारण आपण काय पाहिले हे त्याला पुरते उमगलेले असते. त्यातच ‘क्थुलू मिथॉस’चे, म्हणजे कथेतल्या अमानवी शक्तींविषयीचे, ज्ञान जसजसे वाढेल, तसतशी सॅनिटीची कमाल मर्यादा ९९ वरून खाली उतरते. रहस्य उलगडायचे की शहाणे राहायचे, हा पेच खेळाडूंसमोर कीपरला मुद्दाम उभा करावा लागत नाही. तो नियमांतच आहे.

संचातल्या कथा १९२० च्या दशकातील अमेरिकेत घडतात. त्या खेळून झाल्यावर मी त्याच काळातील नाशिकची कथा रचली: पंचवटीतला बंद वाडा, १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या कागदांची शोधाशोध, आणि पुराचे पाणी नारोशंकराच्या देवळापर्यंत चढलेले. वाड्यातल्या बळदाचे दार उघडेना, तेव्हा एका खेळाडूने रोल पुश करायचे, म्हणजे फसलेले फासे धोका पत्करून पुन्हा टाकायचे, ठरवले. त्यासाठी पद्धत बदलावी लागते, म्हणून तिने पहारीने कोयंडा उचकटत असल्याचे सांगितले. मी एवढेच बजावले की फासे फसले तर आवाज खालपर्यंत जाईल. खाली कोण आहे, हे कोणीच विचारले नाही. फासे मुठीत धरून ती बराच वेळ बसून राहिली. अशा वेळी कीपरने वर्णनाचा मोह टाळावा, कारण खेळाडूंच्या मनात तेव्हा जे उभे राहते, त्याची सर आपल्या शब्दांना येत नाही.

स्वतःची कथा रचताना दोन पथ्ये पाळावीत. ज्या धाग्याशिवाय कथा पुढे सरकणार नाही, तो एकाच फाशावर टांगून ठेवू नये. पत्र सापडले नाही तर शेजारच्या आजींकडून, त्यांनी सांगितले नाही तर भिंतीवरच्या खुणांवरून तो मिळायला हवा. दुसरे पथ्य मला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या अमेरिकन भयकथालेखक लव्हक्राफ्टच्या कथांवर हा खेळ उभा आहे, त्यांत परक्या वंशांविषयीचा तिरस्कार उघड दिसतो. तो साचा नाशिकला आणताना आदिवासी पाड्यांवरची दैवते किंवा त्र्यंबकेश्वरचे विधी यांना भयाचे साधन करणे हा शुद्ध अन्याय ठरेल. शिवाय कोणते विषय कथेत नकोत, हे खेळाडूंना सुरुवातीलाच विचारावे. एखाद्याच्या घरात नुकतेच दुःख घडलेले असू शकते.

संच इंग्रजीत आहे, म्हणून कीपरने नियम आधी नीट वाचून खेळाडूंना मराठीत समजावून सांगावेत. ते अवघड नाहीत. पैसे खर्चण्याआधी खेळाचा अंदाज घ्यायचा असेल, तर याच खेळाचे क्विक-स्टार्ट नियम प्रकाशकाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि त्यांत एका झपाटलेल्या घराची पूर्ण कथाही आहे.