जर्नलचा पिअर रिव्ह्यू: साडेनऊ महिने, ५ पैकी ३ स्टार

नाव घेत नाही, मृदाशास्त्राचं बाहेरचं एक बऱ्यापैकी नावाजलेलं जर्नल आहे, तिथे मागच्या वर्षी संशोधनाचा पेपर टाकला होता, ऊस पट्ट्यातल्या क्षारपड जमिनीवर. सबमिशनलाच अख्खा दिवस गेला, कव्हर लेटर वेगळं, फिगर वेगळ्या, वर रिव्ह्यूअरची, म्हणजे पेपर तपासणाऱ्या त्याच विषयातल्या लोकांची, नावं पण तुम्हीच सुचवा.

मग 'विथ एडिटर', सात आठवडे. एका रात्री 'अंडर रिव्ह्यू' दिसलं तर मी हॉस्टेलवर सगळ्यांना चहा पाजला, नंतर सीनियर म्हणाली अगं एवढंच की कुणाला तरी पाठवलाय. पुढे स्टेटस तेच, अधूनमधून तारीख बदलते, म्हणजे बहुतेक कुणीतरी नाही म्हणालं आणि एडिटर पुढचा माणूस शोधतोय. रिव्ह्यूअरला याचे पैसे मिळत नाहीत, नोकरी सांभाळून फुकटात वाचतात, उशीर समजू शकते मी. पण दोन महिन्यांतून एक ओळीचा मेल टाकायला काय जातं? त्या ऑफिसातल्या लोकांना तर पगार आहे ना!

रिपोर्ट आले सहाव्या महिन्यात. दुसऱ्या रिव्ह्यूअरचं म्हणणं, इंग्रजी सुधारा आणि हे सहा पेपर साईट करा, म्हणजे संदर्भात घाला. सहातले पाच एकाच लेखकाचे, आता हा रिव्ह्यूअर कोण असेल ते सांगायला नकोच. सर म्हणाले लागू पडतात ते दोन घाल, बाकीच्यांना गोड शब्दांत नाही लिही. एडिटरनेही ते चालवून घेतलं.

पहिल्याने मात्र तीन पानं लिहिली होती. मी एक भाग माती पाच भाग पाणी असं ढवळून ईसी (विद्युतवाहकता, खारटपणाचं माप) मोजला आणि तो आकडा सरळ ४ डेसिसिमेन प्रति मीटरच्या मर्यादेला लावला, जिच्या वर जमीन खारट धरतात. ती मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे मातीची पाण्यात पेस्ट करून त्यातून काढलेल्या पाण्याची, त्यात पाणी कितीतरी कमी असतं. माझं द्रावण पातळ म्हणून आकडे खाली, म्हणून खारट प्लॉटसुद्धा 'चांगले' दिसत होते. सरांच्या, माझ्या, सेमिनारला बसलेल्या वीस जणांच्या, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं हे! नशीब नमुने टाकून दिले नव्हते, परत पेस्ट करून अर्क काढले, टेबल ३ अख्खं बदललं. लाज वाटली पण छापून आल्यावर कुणी दाखवलं असतं तर?

हा माणूस कोण ते मला कधीच कळणार नाही, त्याची तीन पानं माझ्या मेलबॉक्समध्येच पडून. ईलाईफ जर्नलवाले रिव्ह्यू पेपरसोबत छापतात, २०२३ पासून तर रिव्ह्यूनंतर ॲक्सेप्ट-रिजेक्टचा शिक्काच मारत नाहीत, नेचरनेही जून २०२५ पासून नव्या रिसर्च पेपरांसोबत रिपोर्ट द्यायचं ठरवलं, नाव उघड करायचं की नाही ते रिव्ह्यूअरवर. इथे अजून सगळं कुलुपात.

तीनही स्टार पहिल्या रिव्ह्यूअरचे, सिस्टिमला शून्य. थीसिस तोंडावर असेल तर इथे टाकू नका, आणि 'पाच दिवसांत पब्लिश, जीपे करा'वाल्यांकडे तर त्याहून नको.