फॉलोअप: नुसती फाईल की लिहून घेतलेला प्लॅन? बडोदेकरांसाठी

ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट संपली की दांडिया बाजार काय नि मांजलपूर काय, घरोघरी एकच प्रश्न, आता दर वेळी मुंबईला टाटालाच धावायचं का इथेच दाखवायचं.

नुसत्या फाईलवर चालणं म्हणजे बायोप्सी रिपोर्ट, किमोचे कागद, डिस्चार्ज समरी सगळं एका पिशवीत कोंबायचं आणि तारीख आली की रात्रीची गाडी. ज्यांनी ऑपरेशन केलं तेच तपासतात, जिवाला बरं वाटतं, हे खरंय. पण मधल्या काळात हात सुजला, किंवा टॅमोक्सिफेन (हार्मोन रोखायची गोळी) चालू असताना पाळी गेल्यावर परत अंगावरून जायला लागलं तर फोन कोणाला करायचा हे त्या पिशवीत कुठेच नसतं, मग बायका पुढच्या तारखेपर्यंत दुखणं अंगावर काढतात.

प्लॅन म्हणजे दोनेक पानं. कुठली औषधं दिली, रेडिएशन कुठल्या बाजूला, मॅमोग्राफी दर वर्षी, लेट्रोझोल (हीही हार्मोनचीच गोळी) चालू असेल तर हाडांची डेक्सा, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ती तपासणी, आणि प्रत्येकापुढे कोण बघणार त्याचं नाव.

आता फायदा मोजायचा कसा? कॅनडात ब्रेस्ट कॅन्सरच्या 408 बायकांवर ट्रायल झाली, काहींना असा प्लॅन दिला, काहींना नाही, 2011 ला छापून आली, कॅन्सरचं टेन्शन मोजलं तर म्हणण्यासारखा फरकच नाही! पण फॉलोअप कोणाच्या हातात आहे हे बरोबर सांगणाऱ्या बायका प्लॅनवाल्यांत जवळजवळ 99 टक्के, बाकीच्यांत 89. हॉलंडमध्ये तर असा प्लॅन दिलेल्या गर्भाशयाच्या कॅन्सरवाल्यांना माहिती जास्त मिळाली आणि काळजीही वाढली, तेव्हा घाबरट माणसाच्या हातात नुसता कागद देऊन सोडू नका, कोणीतरी बसून समजावून सांगायला हवं.

म्हणून मी म्हणेन टेन्शन मोजत बसू नका. वर्षाअखेरी बघा, मॅमोग्राफी वेळेवर झाली का, सूज आल्यावर किती दिवसांनी डॉक्टरांना कळलं, आणि त्रास काहीच नसताना बोन स्कॅन वगैरे उगाच झाले का, कारण तसल्या तपासण्यांनी आयुष्य वाढत नाही हे इटलीतल्या ट्रायल्समधून 1994 सालीच दिसलंय.

माझं मत प्लॅनकडेच, पण नावांसकट. मुंबईची वर्षाची एक खेप ठेवा, मधलं इथे. मात्र आधी झेरॉक्स घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जा, तो "ए तो मुंबईमां ज पूछो" (ते मुंबईलाच विचारा) म्हणाला तर तुमचा प्लॅन अर्धाच आहे, दुसरा डॉक्टर बघा.