इटलीतल्या रावेन्नातली दोन चर्च: लांबट की अष्टकोनी?
सांत आपोलिनारे नुओवो हे ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकने सहाव्या शतकाच्या सुरुवातीला उभारलेलं लांबट चर्च. दोन्हीकडे १२-१२ खांब, वर लाकडी छत. भार कमी, म्हणून भिंती पातळ चालतात आणि मोझेकला (रंगीत तुकड्यांच्या चित्राला) सलग पट्टा मिळतो: एका बाजूला २६ हुतात्मे, समोर २२ कुमारिका, सगळे वेदीकडे निघालेले. पुढे इथल्याच थिओडोरिकच्या राजवाड्याच्या मोझेकमधले दरबारी खोडून तिथे पडदे जडवले. चित्रातल्या खांबांवर त्यांचे काही हात मात्र राहून गेले!

सान विताले (५४७) अष्टकोनी. घुमट पोकळ मातीच्या नळ्यांचा, म्हणून हलका. इथे नजर फिरत राहते. बायझंटाइन सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांची मोझेक वेदीलगतच्या भिंतींवर समोरासमोर. सोनेरी तुकडे किंचित तिरके बसवल्याने प्रकाश लुकलुकतो. गोष्ट क्रमाने वाचायची तर पहिलं, झळाळीसाठी दुसरंच.