पर्वरीचे काम संपेपर्यंत पणजीला जावे कसे: शटल, फेरीबोट, आडरस्ता आणि स्वतःची गाडी यांची तुलना

म्हापसा ते पणजी हे अंतर जेमतेम १३ किलोमीटरांचे असल्यामुळे गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या नोकरदाराने ते आजवर प्रवास म्हणून कधी मोजलेच नव्हते. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर पर्वरी येथे सहा मार्गिकांच्या उड्डाणपुलाचे काम २०२४ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून मात्र घरातून कधी निघावे, कशाने निघावे आणि कोणत्या बाजूने निघावे, हे तिन्ही प्रश्न रोज सकाळी नव्याने उभे राहतात. सांगोल्डा जंक्शनपासून मॅजिक पार्कपर्यंतचा ५.१५ किलोमीटर लांबीचा हा पूल भर वस्तीतून जातो. त्याचे खांब रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात उभे राहत असल्याने क्रेन, पायलिंगची यंत्रे, लोखंडी सांगाडे आणि तयार करून आणलेले काँक्रीटचे अवजड भाग या सगळ्यांना जागा लागते ती महामार्गाचीच, आणि वाहनांच्या वाट्याला उरतो तो कडेचा सेवा रस्ता. काम चालू असेपर्यंत आपली रोजची वाट ज्यांना ठरवून टाकायची आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. पूल हवा होता की नको आणि पुलाच्या वाटेत आलेला खाप्रेश्वराचा वड हलवणे योग्य होते की नव्हते, या वादांत तो शिरत नाही.

वाट निवडताना बहुतेक जण किलोमीटर मोजतात आणि हिशेब तिथेच चुकतो. या मार्गावर अडथळे दोन आहेत, एक पर्वरीचे पठार आणि दुसरा मांडवी नदी. पर्वरी टाळणारा रस्ता अखेर मांडवीवरच्या त्याच पुलांच्या तोंडाशी येऊन मिळत असेल, तर आधी वाचवलेला वेळ तिथे रांगेत परत द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक पर्यायाला दोन प्रश्न विचारावेत: हा पर्वरी कुठे चुकवतो, आणि नदी कुठे ओलांडतो? गोव्यात हा दुसरा प्रश्न नवीन नाही. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला आणि त्यानंतर मांडवीचे दोन्ही काठ फेरीबोटींनी जोडून ठेवले. आज पन्नाशी ओलांडलेली पिढी अजूनही रस्त्याबरोबर धक्क्याचाही विचार करते, तो त्यामुळेच.

स्वतःची गाडी

चारचाकीचा मोठा गुण म्हणजे अटल सेतू. २७ जानेवारी २०१९ रोजी उद्घाटन झालेला मांडवीवरचा हा पूल पर्वरीकडून येणाऱ्या वाहनाला पणजी शहरात न उतरवता थेट मेरशीच्या बाजूला नेतो. त्यामुळे ज्यांचे कामाचे ठिकाण वेर्णा, मडगाव किंवा फोंडा येथे आहे, त्यांनी पर्वरीतला विलंब सोसूनही गाडीच ठेवावी, असा आमचा कौल आहे. दोनदा बस बदलून हा पल्ला रोज गाठणे फार थोड्यांना जमते. पणजीतच उतरायचे असेल तर हा लाभ उरत नाही. पर्वरीत पहिल्या गियरमध्ये जाळलेले पेट्रोल, क्लचवर सुजलेला पाय आणि शेवटी पणजीत पार्किंगसाठी घातलेल्या फेऱ्या, असा तिहेरी खर्च पदरात पडतो. शिवाय गाडीची वेळ हा सगळ्यांत बेभरवशाचा भाग आहे. एखादा ट्रक सेवा रस्त्यावर बंद पडला की मागच्या सगळ्यांचे गणित कोलमडते, आणि मधेच उतरून दुसरी वाट धरण्याची सोय गाडीवाल्याला नसते.

दुचाकीला अटल सेतूवर प्रवेश नाही, तीनचाकीलाही नाही. तरीही मांडवीच्या जुन्या पुलांवरून पणजीत शिरणारा स्कूटरवाला चारचाकीच्या बराच आधी पोहोचतो, हे कोणीही सकाळी पर्वरीतल्या ‘तीन बिल्डिंग’ या नाक्याजवळ उभे राहून पाहू शकतो. या वेळेची किंमत मात्र शरीर देते. उन्हाळ्यात धूळ, पावसात तांबड्या चिखलाने निसरडा झालेला डांबराचा काठ, खणलेल्या जागांवर टाकलेले लोखंडी पत्रे आणि शेजारून घासून जाणारे डंपर, अशी ही वाट आहे. सराईत चालक असेल, कार्यालयाची वेळ लवकरची असेल आणि परतीचा प्रवास उजेडात होत असेल, तर दुचाकी हा वाजवी पर्याय ठरतो. पावसाळ्यातल्या अंधारात पर्वरीतून दुचाकी चालवण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देणार नाही.

कदंबची शटल

म्हापसा आणि पणजी या दोन बसस्थानकांच्या दरम्यान कदंब या राज्य परिवहन महामंडळाची विनाथांबा शटल चालते, तिचे तिकीट खिडकीवर आधी काढायचे असते आणि रांगेतून क्रमाने बसमध्ये चढायचे असते. अडचण उघड आहे: शटलला पर्वरी चुकवता येत नाही, ती त्याच कोंडीत उभी राहते. असे असूनही म्हापसा शहरात किंवा स्थानकापर्यंत सहज येता येईल अशा भागात राहणाऱ्यांसाठी आम्ही तिला गाडीच्या वर जागा देतो. कोंडीत गेलेला अर्धा तास गाडीत वाया जातो, बसमध्ये तो वाचनाला, फोनवरच्या कामाला किंवा सरळ झोपेला लागतो. पार्किंगचा प्रश्न उद्भवत नाही, कारण पाटोवरच्या स्थानकावर उतरल्यावर शहराच्या बऱ्याच भागांत विजेवरच्या बस मिळतात आणि जिथे बस जात नाही तिथे भाड्याने दुचाकीवरून नेणारा मोटारसायकल पायलट नेतो. महिन्याच्या खर्चात तर तुलनाच नको.

शटलची उणीव परतीच्या वेळी जाणवते. संध्याकाळी कार्यालये सुटली की रांग स्थानकाच्या छताबाहेर जाते आणि त्यानंतर उशीर होत गेला तशा फेऱ्या विरळ होत जातात. ज्यांचे सुटण्याचे तास निश्चित नाहीत, उदाहरणार्थ दुकानात, उपाहारगृहात किंवा रुग्णालयात काम करणारे, त्यांनी केवळ शटलच्या भरवशावर राहू नये. थांबत थांबत जाणाऱ्या खाजगी बस हा उरलेला आधार आहे. पर्वरीत मधेच उतरणाऱ्यांना तर त्याच सोयीच्या पडतात, पण म्हापशाहून थेट पणजीला जाणाऱ्याने नाइलाज असेल तेव्हाच त्या धराव्यात.

आडरस्ते आणि बेतीची फेरी

म्हापशाहून पर्रा, साळगाव, पिळर्ण, नेरूल, वेरे असे करत बेतीला उतरणारा रस्ता पर्वरीचे अख्खे पठार चुकवतो. अंतर वाढते, वळणे अनेक आहेत आणि दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला कोणाच्या तरी कुंपणाशी टेकावे लागते. साळगाव आणि पिळर्णच्या लोकांनी हा रस्ता महामार्गाला पर्याय म्हणून बांधलेला नाही, तो त्यांच्या चर्चला, शाळेला आणि शेताला जाण्याचा रस्ता आहे, याची जाणीव ठेवून तिथे वेग आवरावा. डिसेंबर आणि जानेवारीत कळंगुट व कांदोळीची पर्यटक वाहने याच भागात पसरत असल्याने त्या दोन महिन्यांत या वाटेचा भरवसा धरू नये.

बेतीपर्यंत आलेल्याने पुढे काय करायचे, यावर या पर्यायाचे मोल ठरते. बहुतेक जण माळीमवरून वर चढून पुन्हा पुलाच्या रांगेत घुसतात आणि एवढा वळसा घालून मिळवलेले सगळे तिथे घालवतात. आमच्या मते बेतीला पोहोचल्यावर पूल विसरावा आणि फेरीबोट घ्यावी. नदी परिवहन खात्याची ही बोट काही मिनिटांत पणजीच्या धक्क्याला लागते, पायी प्रवाशाला तिचे तिकीट पडत नाही, आणि उतरल्यावर सांतिनेझपासून चर्च चौकापर्यंतची बहुतेक कार्यालये पायी किंवा छोट्या बसने गाठता येतात. दुचाकी बोटीवर चढवता येते, पण ज्याचे काम धक्क्याच्या आसपास आहे त्याने ती बेतीच्या बाजूलाच ठेवून पलीकडे पायी जावे. चढण्या-उतरण्याच्या घाईत बोटीच्या उतरत्या फळीवर स्कूटर सांभाळणे हे काम वाटते तितके सोपे नाही, आणि भरती-ओहोटीप्रमाणे ती फळी कधी चढणीची तर कधी घसरणीची होते.

नेरूल, वेरे, रेइश मागुश आणि कांदोळी या भागांत राहणाऱ्यांसाठी तर हा पर्याय निर्विवाद पहिला आहे. त्यांनी पर्वरीला जाऊन पुलावर चढण्याचे मुळात कारणच नाही. खुद्द म्हापशाच्या रहिवाशासाठी तो शटलच्या बरोबरीने तोलावा लागतो. सकाळी शटल आणि संध्याकाळी फेरी अशी सांगड घालता येईल, असे पुष्कळांना वाटते, परंतु सकाळी गाडी म्हापशातच राहिलेली असेल तर संध्याकाळी बेतीला उतरून पुढे जाणार कशाने? फेरीची निवड ही म्हणूनच सकाळीच करावी लागते. संध्याकाळी तिचा खरा उपयोग कळतो: पणजीतल्या दिवजा सर्कलपासून मागे लागलेली पुलाची रांग बोटीच्या कठड्याशी उभे राहून पाहताना प्रस्तुत लेखकाला जे समाधान मिळाले, ते थोडे दुष्टपणाचे होते हे मान्य करतो. मुसळधार पावसात, वाऱ्यात आणि दाट धुक्यात बोट थांबते, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

पूर्वेकडून येणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट आहे. हळदोणे आणि मयडे परिसरातून पोंबुर्पा, साल्वादोर दु मुंद, ब्रिटोना असा रस्ता नदीच्या कडेने पुलापाशी येतो. तो पर्वरी चुकवतो, पण नदी चुकवत नाही. त्या गावांतल्यांना तो ठीक आहे, म्हापशातून मुद्दाम तिकडे वळण्यात अर्थ नाही.

डिचोलीकरांचा हिशेब वेगळा

डिचोली, मये आणि साखळी भागातले काही जण सवयीने अजूनही म्हापशाला येऊन पर्वरीमार्गे पणजी गाठतात. त्यांनी ही सवय या कामापुरती तरी सोडावी. त्यांच्यापुढे दोन चांगले मार्ग आहेत आणि दोन्ही पर्वरीला शिवत नाहीत. पहिला मार्ग आमोणे, खांडोळा, माशेल, बाणस्तारी आणि जुने गोवे असा जातो. तो संपूर्ण रस्त्याचा आहे, बसची सोय बरी आहे आणि वेळेचा अंदाज बांधता येतो. मात्र पर्वरीतून काढलेली जड वाहतूक डिचोली, साखळी, उसगाव या बाजूला वळवण्यात आल्याने सुरुवातीच्या टप्प्यात ट्रकांच्या मागे राहावे लागते. दुसरा मार्ग मयेतून चोडण आणि तिथून रायबंदर असा आहे. या जलमार्गावर जुलै २०२५ मध्ये गंगोत्री आणि द्वारका या दोन रो-रो, म्हणजे वाहने एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरणाऱ्या, फेरीबोटी आल्या. जुन्या फेरीबोटीपेक्षा त्यांत कितीतरी अधिक चारचाकी मावत असल्यामुळे चोडणच्या धक्क्यावरची पूर्वीची लांबलचक ताटकळ कमी झाली, आणि रायबंदरला उतरलेला माणूस पोर्तुगीज काळातल्या, १६३४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या पांत द लिन्यारिश या सेतूमार्गावरून थेट पाटोला पोहोचतो. चारचाकीने येणाऱ्या मयेकराला किंवा डिचोलीकराला आम्ही चोडणचीच शिफारस करू. बसने येणाऱ्याने बाणस्तारीचा मार्ग धरावा. म्हापशाहून चोडणला येणे हा मात्र हौसेचा प्रकार आहे, कारण पोंबुर्प्याला एक फेरी आणि रायबंदरला दुसरी असे दोन धक्के पार करावे लागतात.

रेल्वेबद्दल थोडक्यात: थिवी ते करमळी हा कोकण रेल्वेचा टप्पा पर्वरी आणि मांडवीचे पूल दोन्ही चुकवतो, पण रोजच्या कामाच्या वेळांना जुळणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत, पावसाळी वेळापत्रकात वेळा बदलतात आणि करमळीहून पणजीपर्यंत पुन्हा बस लागते. सावंतवाडी किंवा पेडण्याहून मडगावला जाणाऱ्यांनी तिचा विचार अवश्य करावा; पणजीला जाणाऱ्यांनी करू नये.

निवड कायम करण्याआधी

कोणताही पर्याय रविवारी तपासून पाहू नये. सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी संध्याकाळी तो एकेकदा करून पाहावा आणि दोन्ही वेळांपैकी वाईट वेळ हिशेबात धरावी. सकाळी लवकर निघणे आपल्या हातात असते, संध्याकाळी सुटणे वरिष्ठाच्या. त्यामुळे ज्या पर्यायाची परतीची बाजू मजबूत आहे तोच टिकतो. पुलाचे काम एका दिवशी संपून सगळे सुरळीत होईल, अशा समजुतीवर नवी गाडी घेण्याचा किंवा घर बदलण्याचा निर्णयही घेऊ नये. झुआरी नदीवरच्या मनोहर सेतूच्या चार मार्गिका डिसेंबर २०२२ मध्ये खुल्या झाल्या आणि उरलेल्या चार त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर २०२३ मध्ये. पर्वरीतही एखादी बाजू आधी, एखादी मागून, असे टप्पे पडू शकतात आणि प्रत्येक टप्प्याला वाहतुकीची वळणे बदलत राहतात.

उड्डाणपूल पूर्ण झाल्यावर त्याचा लाभ पर्वरी ओलांडून जाणाऱ्याला मिळणार आहे, मोपा विमानतळाकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांनाही मिळेल. पण सचिवालयात, विधानसभा संकुलात किंवा पर्वरीतल्याच बँकांत व दुकानांत कामाला येणाऱ्यांना पुलावर चढायचेच नाही. त्यांचा रस्ता पुलाखालचा सेवा रस्ता हाच राहणार, आणि त्यांनी आज निवडलेली थांबत जाणारी बस किंवा सुकूरमधून येणारी गल्ली त्यांना पुढेही तितकीच लागेल.