‘पत्र्याचं काम झालंय’ असं सांगून विकलेली एमजीबी

जुनी स्पोर्ट्स कार घरच्या घरी उभी करायची हौस असलेल्या माणसाला जाळ्यात ओढायला एक वाक्य पुरतं. “पत्र्याचं सगळं काम झालंय, तुम्हाला आता फक्त जोडायची आहे.” गंज कापून काढणं, नवा पत्रा वेल्ड करणं, दारांच्या फटी जुळवणं हे या छंदातलं सगळ्यात किचकट आणि घरी करायला सगळ्यात अवघड काम. ते कुणी आधीच उरकून ठेवलं असेल तर चार पैसे जास्त मोजायला कुणीही तयार होतो. मीही मोजले. प्रत्यक्षात ते काम झालंच नव्हतं, आणि झालं नाही हे कळू नये म्हणून मात्र भरपूर मेहनत घेतली होती. ती मेहनत कशी होती ते सविस्तर लिहितो आहे, कारण हाच प्रकार दुसऱ्या कुठल्याही जुन्या गाडीवर होऊ शकतो.

गाडी १९६६ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. या गाड्या १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनल्या, पाच लाखांहून जास्त. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात, आणि १९८८ पासून तर मूळ साच्यांवर अख्खी नवी बॉडीसुद्धा बनवून मिळते. घरी काम करणाऱ्यांची ही आवडती गाडी आहे ती यामुळेच. माझा बेत असा होता की बाहेरून गाडी जशीच्या तशी ठेवायची आणि आतून आजच्या रस्त्यावर रोज चालेल अशी करायची. फाइव्ह-स्पीड गिअरबॉक्स, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. या सालच्या एमजीबीला पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, ती आधी बदलून घ्यायची, नाहीतर नवी इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडताक्षणी जळते.

विकणाऱ्याने दिलेली फाइल जाडजूड होती. दोन्ही बाजूंच्या नव्या सिलची (दारांखालच्या लांब पत्र्यांची) बिलं, कापाकापी आणि वेल्डिंगचे फोटो, इंजिन बांधल्याची हाताने लिहिलेली यादी. इंजिन मूळचंच आहे आणि नंबर जुळतात हे तर त्याने जाहिरातीतच लिहिलं होतं. “सगळं माझ्या हातांनी केलंय हो, आता वेळ मिळत नाही म्हणून विकतोय,” असं तो म्हणाला. गाडी ताज्या रंगात चकचकीत उभी होती. मी सिलवर मॅग्नेट फिरवला. तो टपकन चिकटला, अगदी टोकापासून टोकापर्यंत.

त्या मॅग्नेटबद्दल आधी सांगतो. मॅग्नेट लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) पकडतो, फायबर पकडतो, कारण त्यांना तो चिकटत नाही. जुन्या गंजक्या पत्र्यावर वरून नवा पत्रा ठोकला असेल तर तो पकडू शकत नाही, कारण वरचा पत्रा लोखंडीच असतो. माझ्या गाडीत नेमकं तेच केलेलं होतं.

एमजीबीला वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच सांगाडा. रोडस्टरला डोक्यावर छप्परही नसल्यामुळे गाडीचा पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचं बरंचसं काम दारांखालच्या त्या दोन सिल करतात. बाहेरून दिसते ती फक्त बाहेरची कातडी. तिच्या आत एक उभा पत्रा असतो, त्याच्या आत आतली सिल, आणि खालून या सगळ्यांना जोडणारी एक घडीदार पट्टी, जिला एमजीवाले ‘कॅसल रेल’ म्हणतात. चौघं मिळून पेटी होते, आणि ताकद त्या पेटीत असते. बाहेरची कातडी एकटी बदलली तर गाडी नवीन दिसते, इतकंच.

शिवाय नवी सिल नीट बसवायची तर पुढचं फेंडर उतरवावंच लागतं. एमजीबीची पुढची फेंडरं बोल्टवर असतात आणि सिलचं पुढचं टोक त्यांच्या आत जातं. मागचं टोकही तसंच मागच्या फेंडरच्या खालच्या भागाआड लपलेलं, तिथे पत्रा कापल्याशिवाय हात पोचत नाही. ज्याला हे सगळं टाळायचं असतं तो मधला दिसणारा तुकडा तेवढा घेतो, जुन्या सिलवर चिकटवतो, कडा लांबीने बुजवतो आणि रंग मारतो. गंज आत तसाच राहतो, उलट दोन पत्र्यांमध्ये पाणी कोंडून तो अधिक वेगाने वाढतो.

हे बाहेर आलं ते गिअरबॉक्सच्या निमित्ताने. खाली शिरायला जागा हवी म्हणून गाडी एका बाजूने जॅकवर घेतली. दार उघडं होतं. गाडी वर चढू लागली तसं दार आणि मागचं फेंडर यांच्यातली फट वरच्या बाजूने बारीक होताना दिसली. आधी करंगळी सहज जात होती, मग नखही जाईना. दार लावायला गेलो तर ते कुलपापाशी येऊन अडलं. जॅक सोडला, फट परत पूर्वीसारखी. पुन्हा चढवला, पुन्हा बंद. गाडी मधोमध वाकत होती. हे बघणं फार त्रासाचं होतं, पण शंकेला जागा उरली नाही.

मग दाराखाली ग्राइंडरने एक छोटी खिडकी कापली. वरचा पत्रा नवा, स्वच्छ. त्याच्या खाली तपकिरी पापुद्रे, बोटाने दाबले की भुगा व्हावा असे. त्यामागे पिवळा फोम. बांधकामात फटी भरायला जो फुगणारा फोम वापरतात तो सिलच्या पोकळीत ठासून भरला होता. त्यामुळे सिलवर टिचकी मारली की पोकळ आवाज येत नव्हता, भरीव येत होता. फोमचा तुकडा पिळला तर त्यातून पाणी निघालं. कॅसल रेल जिथे असायला हवी तिथे मधल्या भागात काही नव्हतंच, काळं सीलंट जाड थरात फासून तिचा आकार तेवढा काढला होता.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. असा फोम सापडला तर त्याच्या आसपास वेल्डिंगची ठिणगी पाडू नका. तो पॉलियुरेथेन असतो, पेटतो, आणि जळताना निघणारा धूर विषारी असतो, त्यात सायनाइडचा वायूही असतो. माझा वेल्डिंग करणारा मित्र पहिल्यांदा फोम खरवडून पूर्ण काढायला बसला आणि मगच त्याने मशीन चालू केलं. ज्याने हा फोम भरला त्याला पुढचा माणूस कधीतरी इथे वेल्डिंग करणार हे माहीत असणारच. फसवणुकीतल्या पैशांपेक्षा मला या गोष्टीचा जास्त राग आहे.

फाइल पुन्हा काढली आणि फोटो एकेक करून बघितले. वेल्डिंग सुंदर होतं, कॅसल रेल नवी कोरी, सगळं जिथल्या तिथे. फक्त ती माझी गाडी नव्हती. १९६७ च्या अखेरीस एमजीबीची दुसरी आवृत्ती आली तेव्हा नवा गिअरबॉक्स आणि ऑटोमॅटिकचा पर्याय बसावा म्हणून दोन सीटांमधला, ज्याच्या खाली गिअरबॉक्स बसतो तो बोगदा रुंद केला गेला. १९६६ च्या गाडीचा बोगदा अरुंद असतो. फोटोंमधल्या गाडीचा बोगदा रुंद होता. एकदा लक्षात आलं की दोन्ही गाड्या एकसारख्या दिसणं शक्यच नाही इतका फरक आहे. पण फोटो सगळे जवळून काढलेले, सिलवर रोखलेले, बोगदा कोपऱ्यात जेमतेम आलेला. चेसिस नंबरची पट्टी, नंबर प्लेट, डॅशबोर्ड असं काहीही एकाही फोटोत नव्हतं.

बिलं मात्र खरी निघाली. पण बिल म्हणजे पत्रा विकत घेतल्याचा पुरावा, तो या गाडीला लागल्याचा नव्हे. शिवाय त्या बिलांमध्ये बाहेरच्या सिल होत्या, कॅसल रेल नव्हत्या, आतला उभा पत्रा नव्हता. हे काम मुळापासून करणारा कुणीही ते तीन भाग एकत्रच मागवतो.

इंजिनाची गोष्ट यानंतरची. फाइव्ह-स्पीडचं किट मागवताना इंजिन तीन बेअरिंगचं की पाच बेअरिंगचं, म्हणजे त्याचा क्रॅंक (मुख्य दांडा) किती आधारांवर फिरतो, ते सांगावं लागतं. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन सुरुवातीला तीन मेन बेअरिंगचं होतं, १९६४ च्या अखेरीपासून पाचचं झालं. गाडी १९६६ ची, इंजिनावरच्या पट्टीवर नंबर १८जीबीपासून सुरू होणारा, म्हणजे पाच बेअरिंगचं. त्याप्रमाणे किट आलं. क्रॅंकच्या मागच्या टोकात बसणारा बुश बसेना. किटवाल्याची चूक समजून आधी त्यालाच फोन केला. त्याने शांतपणे सांगितलं, ऑइलचा संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) काढा आणि बेअरिंगच्या कॅप मोजा.

मोजल्या, तीनच होत्या. एमजीबीचा इंजिन नंबर ब्लॉकमध्ये कोरलेला नसतो, एका छोट्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते. मूळ इंजिनाची पट्टी काढून ती दुसऱ्या जुन्या ब्लॉकवर ठोकली होती. ही गाडी घेताना मी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून गाडीचं हेरिटेज सर्टिफिकेट मागवलं होतं. कारखान्याच्या जुन्या नोंदवह्यांवरून ते चेसिस नंबर, इंजिन नंबर, मूळ रंग असं सगळं कळवतात. नंबर तंतोतंत जुळला होता, आणि जुळणारच, कारण पट्टी खरी होती. हेड उतरवल्यावर पिस्टनही जुनेच निघाले. बोअर मोठा करून नवे पिस्टन टाकले की सहसा त्यांच्या माथ्यावर वाढीव मापाचा आकडा असतो, इथे काजळी साफ केली तरी काही नव्हतं. यादीत लिहिलेल्या कडक व्हॉल्व्ह सीटचाही (व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या टणक कड्यांचाही) पत्ता नव्हता. त्या बसवल्या की हेडच्या धातूत गोल सांध्याची बारीक रेघ दिसते. गाड्यांसाठीचं शिशाचं पेट्रोल २०२१ पर्यंत सगळ्या जगातून बंद झालं. त्या शिशाच्या आधारावर बनवलेली जुनी एक्झॉस्ट सीट आजच्या पेट्रोलवर जोरात पळवली की हळूहळू आत खचत जाते, म्हणून ही कडक सीट महत्त्वाची.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. आधी उत्तर आलं की गाडी त्यानेही कुणाकडून तरी तशीच घेतली होती. “माझ्या हातांनी केलंय” हे त्याचं वाक्य मेसेजमध्ये होतं, ते त्याला परत पाठवलं. मग म्हणाला, जुन्या गाडीत असं चालायचंच. त्यानंतर फोन उचलणं बंद. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सगळे मेसेज, कापलेल्या सिलचे तुकडे आणि एका त्रयस्थ तज्ज्ञाचा लेखी अहवाल असं जमा करून मी तक्रार केली आहे, आणि ती अजून चालू आहे. तुम्ही अशा परिस्थितीत सापडलात तर अहवाल येईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका आणि कापलेला एकही तुकडा भंगारात देऊ नका. माझी बाजू आज भक्कम आहे ती त्या तुकड्यांमुळे.

‘काम झालेली’ गाडी बघायला जाल तेव्हा मालकासमोर ती एका बाजूने जॅकवर घ्यायला सांगा आणि दाराच्या फटीकडे बघत राहा. ज्याने काम खरंच केलंय तो हसत जॅक आणून देतो. जो कारणं सांगतो त्याच्याकडे इसाराचा रुपयाही ठेवू नका. पुढचं फेंडर आणि सिल यांच्यातली सांध्याची रेघ दिसली पाहिजे. तिथे सगळं एकसंध गुळगुळीत असेल तर ती लांबी आहे. सिलच्या खालच्या पाणी जाण्याच्या भोकांतून बोअरस्कोपची (टोकाला छोटा कॅमेरा असलेली) वायर आत घालता येते, आता ती फोनला जोडता येते. भोकंच बुजवलेली असतील तर का बुजवली ते विचारा. एमजीबीबद्दल एक अर्धसत्यही ऐकवलं जातं, की हिचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे, मॅग्नेट चिकटणार नाही. सुरुवातीच्या गाड्यांचं बोनेट तेवढं अ‍ॅल्युमिनियमचं असतं. दारं, फेंडर, सिल लोखंडाचीच.

इंजिन ‘बांधलेलं’ आहे म्हणून जास्त पैसे मागितले जात असतील तर संप काढून दाखवायची अट सौदा होण्याआधी लेखी घाला. नंबरच्या पट्टीचे रिव्हेट बघा. अर्ध्या शतकाच्या तेलकट ब्लॉकवर ते नवे चमकत असतील तर पट्टी कुणीतरी काढून परत ठोकलेली आहे.

माझ्या फाइलमधले ते वेल्डिंगचे फोटो मला नंतर आणखी एका जाहिरातीत दिसले. गाडी दुसरीच, तीही १९६७ च्या आधीची म्हणून लिहिलेली, वर्णन जवळजवळ शब्दशः तेच. ती जाहिरात मी तक्रारीला जोडली आहे. राखाडी प्रायमर मारलेली बॉडी, सिलवर रोखलेला कॅमेरा आणि उजव्या कोपऱ्यात रुंद बोगद्याची कड असे फोटो तुम्हाला कुणी सुरुवातीच्या एमजीबीचे म्हणून दाखवले, तर त्या गाडीच्या सीटांमधला गालिचा उचला आणि बोगद्याची रुंदी स्वतः मोजून बघा.