फिग्मा: कोडिंग न येणाऱ्या वर्गासाठी कितपत कामाचं?

मास मीडिया, कॉमर्स किंवा उपयोजित कलेच्या मुलांना इंटरफेस डिझाइन, म्हणजे अ‍ॅप किंवा वेबसाइटच्या स्क्रीनची आखणी, शिकवायला फिग्मासारखं दुसरं टूल नाही. ब्राउझरमध्ये चालतं, इन्स्टॉल करायची भानगड नाही, कोडची एक ओळ लिहावी लागत नाही. विद्यार्थी आणि शिक्षक असल्याची पडताळणी झाली की शैक्षणिक प्लॅन फुकट मिळतो. वर्गासाठी घ्यावंच, फक्त पहिल्या तासाला उघडू नये.

पहिल्याच दिवशी फिग्मा हातात दिलं की मुलं कोपरे गोल करण्यात, सावल्या देण्यात आणि रंग निवडण्यात रमतात. तासाभरात देखणी स्क्रीन तयार होते आणि इथेच घोटाळा होतो. देखण्या स्क्रीनला ‘मला हे कळलं नाही’ म्हणायला समोरचा कचरतो, आणि करणाऱ्यालाही ती मोडवत नाही. म्हणून आधी स्टेशन, मग कागद, मग फिग्मा.

विषय लोकलच्या तिकिटाचा घ्यावा, कारण तो वर्गातल्या सगळ्यांच्या रोजच्या पायाखालचा आहे. मुलांना दादरला एटीव्हीएमपाशी, म्हणजे तिकीट काढायच्या स्वयंचलित मशीनपाशी, तासभर उभं करा. मशीन रिकामं असताना लोक शेजारच्या फॅसिलिटेटरकडे, म्हणजे मशीनमधून तिकीट काढून देणाऱ्या माणसाकडे, रांग का लावतात? बोट कुठल्या स्क्रीनवर अडतं? मागचा माणूस ‘लवकर करा’ म्हणाला की काय होतं? याची टिपणं हाच पुढच्या डिझाइनचा पाया.

मग ए-फोर कागदाचे चार तुकडे करायचे. एका तुकड्यावर एकच स्क्रीन, जाड मार्करने. आठ-दहा स्क्रीनमध्ये तिकीट निघालं पाहिजे. एकाने वापरणाऱ्याची भूमिका घ्यायची, दुसऱ्याने ‘मोबाइल’ व्हायचं आणि बोट लागेल तसा कागद बदलायचा, तोंडातून अवाक्षर न काढता. काम सांगताना स्क्रीनवरचेच शब्द वापरू नयेत, ही चूक जवळजवळ प्रत्येक गटाकडून होते. बटणावर ‘परतीचं तिकीट’ लिहिलंय आणि तुम्ही ‘परतीचं तिकीट काढा’ म्हणालात, तर ती चाचणी नाही, शब्दांची जोडी लावणं झालं. त्याऐवजी म्हणा, ‘तुम्हाला आणि आईला ठाण्याला जाऊन संध्याकाळी घरी यायचंय.’

कागदावर रस्ता मोकळा झाला की फिग्मा खरं चमकतं. कीबोर्डवरचं एफ दाबून ३६० बाय ८०० ची फ्रेम, म्हणजे एका स्क्रीनची चौकट, घ्या, कागदाइतक्याच फ्रेम करा, प्रोटोटाइप टॅबमध्ये बटणावरून पुढच्या फ्रेमवर बाण ओढा. एवढ्यावर मोबाइलमध्ये टॅप करता येणारा नमुना तयार. ऑटो लेआउट, कंपोनंट वगैरे दुसऱ्या महिन्यात शिकवलं तरी चालतं.

‘सर, बाण जोडलाच जात नाही’ ही तक्रार हमखास येते. सरकवताना एक फ्रेम दुसरीवर सोडली की ती तिच्या पोटात जाते, आणि बाण फक्त सगळ्यात बाहेरच्या पातळीवरच्या फ्रेमलाच जोडता येतो. डावीकडच्या लेयर्सच्या यादीत तिचं नाव आत सरकलेलं दिसेल, ते बाहेर ओढलं की काम झालं.

मराठी स्क्रीनसाठी फिग्मा चांगलं आहे, पण थोडी निगराणी लागते. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट आत आयते मिळतात. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. १५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा गिचमिड काला दिसेल. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. बटण फिग्माच्या मापात किमान ४८ उंच, अक्षर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, किमान ४.५ ला १. फिक्या राखाडी अक्षरांचा मोह मुलांना फार असतो, आणि उन्हात प्लॅटफॉर्मवर तीच अक्षरं दिसत नाहीत.

उणिवा आहेतच. प्रोटोटाइपमधल्या चौकटीत खरोखर टाइप करता येत नाही, म्हणून ‘स्टेशन शोधा’सारखी पायरी रिकामी आणि भरलेली अशा दोन फ्रेम करून भागवावी लागते. अशा पायरीची चाचणी कागदावरच जास्त खरी होते. मोबाइलवर डिझाइन पाहता येतं, करायला लॅपटॉप हवा. दोघांत एक चालतो. इंटरनेट गेलं की नवी फाइल उघडत नाही, तेव्हा लॅबचं वायफाय रडतं असेल तर तास सुरू होण्याआधीच फाइल्स उघडून ठेवा. मुक्त स्रोतातलं हवं असेल तर पेनपॉट पाहा. ते कॉलेजच्या स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं.

चाचणीला वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांचा पाच जणांचा आडाखा (पाच जणांकडून वापरून घेतलं की बहुतेक अडचणी कळतात) पुरतो, पण पाचही जण वर्गमित्र असतील तर त्याला अर्थ नाही. कँटीनमधले काका, लायब्ररीतल्या बाई, स्टेशनवर रोज तिकीट काढणारी आजी अशी माणसं हवीत. पाच जण झाले की दुरुस्ती, आणि मग नवे पाच.

गुण देताना फक्त शेवटचं डिझाइन मागू नका. चाचणीआधीची आणि नंतरची अशी दोन पानं एकाच फाइलमध्ये मागा, आणि प्रत्येक बदलाशेजारी फिग्माच्या कमेंटमध्ये कोण कुठे अडलं ते एका वाक्यात लिहायला सांगा. निम्मे गुण त्या कमेंटना ठेवा.